मार्गात कोणीही नव्हते

ड्रोन पडण्याची कारणं पाचसहाच असतात. बॅटरी फुगते, मोटरचं बेअरिंग जातं, पंख्याला तडा गेलेला असतो आणि तो तसाच चालवतात, जीपीएस भरकटतं, नाहीतर कुठल्या तरी वायरीचा जोड सैल असतो. बाकीची शंभर कारणं माणसं सांगतात. वारा सुटला, घार आडवी आली, भाऊबंदांनी नजर लावली. निपाणीजवळच्या एका तंबाखूवाल्यानं मला छातीठोक सांगितलं होतं की अमावास्येला उडवला म्हणून पडला. गाढवानं पंखा उलटा बसवला होता.

मी किशन चौगुले. गाव येळ्ळूर, राहायला टिळकवाडीत. हवाई दलात बावीस वर्षं रडार मेकॅनिक होतो. निवृत्त झाल्यावर एका विमा कंपनीसाठी पडलेले ड्रोन तपासायला लागलो. बेळगावापासून निपाणी-सदलग्यापर्यंत औषध फवारणारे ड्रोन आता जिकडंतिकडं झालेत, त्यामुळं रिकामा बसत नाही. माझं एक वाक्य कंपनीत सगळ्यांना पाठ आहे. रडार खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगत फिरायचो.

फेब्रुवारीत सौरवचा फोन आला. सौरव म्हणजे कंपनीत अपघातांच्या फायली बघणारा माणूस. माझ्या निम्म्या वयाचा, पण बोलतो माझा सासरा असल्यासारखा.

"सर, सदलग्याला एक केस आहे. बचत गटाच्या बाईंचा ड्रोन झाडावर आपटलाय. पायलटची चूकच असणार. जाऊन फक्त फोटो काढून या."

"मी काय लग्नाचे फोटो काढतो काय रं?" म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. वाटेत मोबाईलनं एकदा महाराष्ट्रात स्वागत केलं, पाच मिनिटांनी कर्नाटकात केलं, परत महाराष्ट्रात केलं. रस्ता एकच, ऊस दोन्हीकडं तोच. सदलग्याच्या अलीकडं दूधगंगेच्या अंगाला एक काळं रान होतं, तिथं बांधावर एक बाई उभी होती. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला टोपी, पायात बूट. हीच बचत गटाची ड्रोनवाली, रचना. वय असेल तिशीच्या आसपास. तिनं नमस्कार न करता आधी प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढून दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरला. ड्रोन चालवण्याचा परवाना. चारी बाजूंनी लॅमिनेशन केलेला.

"आधी ड्रोन दाखव," मी म्हणालो.

ड्रोन बाभळीखाली तसाच पडला होता. दोन हात मोडलेले, टाकी फुटलेली, औषधाचा वास अजून येत होता. तिनं कुणालाही हात लावू दिला नव्हता. रानात पाऊल टाकू दिलं नव्हतं. एवढी अक्कल मला बी. ई. झालेल्या पोरांत बघायला मिळत नाही.

"हाळी दिल्ती काय?" मी विचारलं.

आमच्याकडं उसाचा फड पेटवायच्या आधी, नाहीतर आत मशीन घालायच्या आधी बांधावर उभं राहून तीनदा ओरडतात, आत कोण हाय का? आत तण भांगलायला, वैरणीला कुणी असलं तर त्यानं 'हाय' म्हणून ओ द्यायची. कुठल्या नियमाच्या पुस्तकात हे लिहिलेलं नाही. ड्रोन आले तशी ही हाळी ड्रोनवाल्यांकडंही आली.

"तीनदा दिली, अण्णा. चारी बांधांवरनं दिली. आणि ह्या रानात लपायला हाय काय? उसाची लावण अजून घोट्याएवढी न्हाय."

खरंच होतं. इकडून तिकडं नजर टाकली की नुसत्या सऱ्या दिसत होत्या.

"मग?"

"सरळ चालला होता. मधीच थांबला. अडथळा, अडथळा म्हणून रिमोट वरडाय लागला. पुढं बघतोय तर मोकळं रान. मग मागं सराय लागला. मी स्टिक पुढं दाबून धरल्या आणि ह्यो मागं. कुणीतरी चालत अंगावर यावं आणि आपण मागं मागं व्हावं, तसा. सरत सरत बाभळीत घुसला." ती थांबली. "चूक माझी निघाली तर ह्यो कागद जातोय न्हवं?"

"चूक निघाली तर जातो."

"माझ्या नावावर घरात एवढीच एक वस्तू हाय, अण्णा. गावात आधीच म्हणत्यात, बाईच्या हातात दिल्यावर पडणारच. ह्यो कागद गेला तर ड्रोन दुसऱ्याला देतील आणि मी परत खुरपं घेऊन वाकणार."

"मी खरं असेल तेच लिहितो," मी म्हणालो. हे वाक्य मी प्रत्येक ठिकाणी म्हणतो.

गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून ड्रोनमधली नोंद उघडली. ड्रोन हवेत असताना सेकंदासेकंदाला सगळं लिहून ठेवतो. रचना खरं बोलत होती. तिनं दोन्ही स्टिक पुढं दाबल्याची नोंद होती, अगदी शेवटपर्यंत. रडारनं पुढं अडथळा दाखवला होता, दोन मीटर चाळीस. ड्रोन थांबला. मग अडथळा पुढं सरकला. अडथळा जवळ आला तर तेवढंच मागं सरायचं, अशी या ड्रोनची घडणच आहे. तो मागं सरला, अडथळा परत पुढं आला. अंतर कायम दोन चाळीस. वेग माणसाच्या चालीचा. घाई नाही, थांबणं नाही. बाभळीपर्यंत असंच.

अडथळ्याची उंची एक मीटर नव्वद. पडद्यावर ठिपक्यांचा एक उभा पुंजका दिसत होता, खाली अरुंद आणि वर रुंद.

"फवाऱ्याचं धुकं असणार," मी म्हणालो. "रडार कधीकधी धुक्याला फसतं."

"थांबल्या थांबल्या फवारा बंद केल्ता मी."

नोंदीत तेही होतं. मी लॅपटॉप मिटला. रानात उतरून अडथळा जिथून सुरू झाला तिथपासून बाभळीपर्यंत चालत गेलो. अपघाताच्या आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं, चिखल अजून मऊ होता. माझ्या बुटांचे ठसे सोडले तर एकही ठसा नव्हता. रडार काढून पिशवीत घातलं आणि घरी आलो.

घरी मागच्या खोलीत माझं टेबल आहे. दुपारचे तीन वाजले असतील. इंदू, माझी बायको, शाळेतून यायची होती. रडार म्हणजे एक हातभर रुंदीची चपटी काळी पेटी. वर चिखल वाळला होता. ओल्या फडक्यानं पुसताना बाजूला एक गोल पांढरी चिठ्ठी लागली. हिरव्या शाईत 'निर्दोष', खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख, आणि खाली सही. कि. चौ.

माझी सही.

फडकं हातातच राहिलं. पेटीवरचा नंबर जुन्या फायलीशी ताडून बघायची गरज नव्हती, तरी बघितला. तोच होता. मी निर्दोष ठरवलं म्हणून ड्रोनवाल्या कंपनीनं ते रडार पुसूनबिसून दुसऱ्या ड्रोनला लावलं होतं. तो ड्रोन बचत गटाला गेला होता.

आता हे सांगायलाच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी निपाणीच्या वाटेवरच्या एका मळ्यात बाळाबाई नावाची बाई ड्रोनच्या पंख्यानं गेली. साठीची बाई. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून घरी निघाली होती. कानानं कमी, त्यात भाऱ्यातलं गवत दोन्ही कानांवर लोंबलेलं. ड्रोन चालवणाऱ्या महादेवनं हाळी दिली होती, तिला ती ऐकू गेली नाही. मधल्या उंच उसामुळं त्याला ती दिसली नाही. राहता राहिलं रडार. रडारला ती दिसायला पाहिजे होती. रडार त्याच्यासाठीच असतं.

मी ड्रोन उघडला तेव्हा रडारच्या वायरीची पिन अर्धी बाहेर होती. आदल्याच आठवड्यात तो बनवणाऱ्या कंपनीकडंच दुरुस्तीला गेला होता, तिथं कुणीतरी ती पूर्ण दाबायला विसरला होता. म्हणजे महादेवची चूक शून्य. चूक पिन न दाबणाऱ्याची. तेवढ्यात वरून फोन आला. सौरवचा नव्हे, त्याच्याही वरच्याचा. चौगुलेसाहेब, ड्रोन बनवणारी कंपनी आपली मोठी गिऱ्हाईक आहे, सांभाळून लिहा. पॅनेलवर तुमच्या जागी यायला चारजण टपलेत.

मी ती पिन अंगठ्यानं दाबली. टक असा आवाज आला. मग रडार चालू केलं, ते उत्तम चाललं, आणि मी फोटो काढला. अहवालात लिहिलं, 'रडार निर्दोष. उड्डाणाच्या मार्गात कोणीही नव्हते. सदर महिला अचानक बाजूने आली असता पायलटने दक्षता घेतली नाही.' पंचनामा कन्नडात झाला, अहवाल इंग्रजीत गेला आणि बाळाबाईची माणसं मराठीत रडली. महादेवनं मला एकदाच फोन केला. "सायेब, रडारची वायर बघितलासा काय?" मी म्हणालो, बघितली, व्यवस्थित आहे. त्याचा परवाना गेला. हल्ली वडगावात कापडाच्या मागावर असतो म्हणतात.

झोप लागायची मला, खोटं कशाला बोलू. लाज वाटायची ती फक्त अंगठ्याची. बटण दाबताना, पेन धरताना तो टक आठवायचा. बाकी मी मजेत होतो.

रडार टेबलावर ठेवून चालू केलं. समोरची भिंत तीन मीटर वीसवर आहे, टेपनं मोजलेली. पडद्यावर तीन वीस आलं. बरं वाटलं. मग आकड्याच्या अलीकडं दुसरा आकडा आला.

दोन चाळीस.

पंखा बंद केला. खुर्ची हलवली. दोन चाळीस. पेटी खिडकीकडं वळवली, दोन चाळीस. गच्चीवर नेली, उन्हात, जिथं समोर आभाळाशिवाय काही नाही, तिथंही दोन चाळीस. वाळत घातलेल्या साड्या काढून बाजूला केल्या. आकडा हलला नाही. पुंजका तसाच, खाली अरुंद, वर रुंद.

"अहो, उन्हात काय करताय?" जिन्यातून इंदूचा आवाज आला. ती माझ्यासमोरून गेली, रडारनं तिला एक दहावर दाखवलं, ती पलीकडं गेली. दोन चाळीस तिथंच होतं. इंदू साड्या परत घालताना म्हणाली, "इथं वैरणीचा वास कुठनं येतोय?"

मी पेटी बंद केली.

दोन दिवसांनी परत सदलग्याला गेलो. कंपनीला कळवलं नाही. मोडलेले हात बदलून, नवे पंखे बसवून, ते रडार लावून मला ड्रोन त्याच रानात एकदा जागेवर उभा करून बघायचा होता. सकाळचे अकरा. ऊन स्वच्छ. पलीकडच्या रानात मोटर चालू होती आणि कुणीतरी कन्नड गाणी लावली होती.

रचनानं हाळी दिली. "आत कोण हाय का? आत कोण हाय का? आत कोण हाय का?"

मोटर चालू होती. गाणी चालू होती. कुणी ओ दिली नाही.

ड्रोन माझ्या डोक्याएवढा वर आला आणि स्थिर राहिला. मी त्याच्यासमोर चालत गेलो, अंदाजे सहा फुटांवर उभा राहिलो, तोंड त्याच्याकडं करून.

"काय दिसतंय?" मी ओरडून विचारलं.

"तुम्ही दिसतासा. एक ऐंशी."

"आणि?"

मी मान वळवून तिच्याकडं बघितलं. ती पडद्याकडं बघत होती, मग माझ्याकडं, मग परत पडद्याकडं.

"अण्णा," ती हळू म्हणाली, पण मला पंख्यांच्या आवाजातही ऐकू आलं. "तुमच्या मागं कोण हाय?"

माझ्या मागं मोकळं रान होतं. मी वळून बघितलं नाही. मला माहीत होतं मोकळं आहे, तरी बघितलं नाही.

"डोक्यावर भारा हाय की," रचना म्हणाली.

मी सरळ चालत बाजूला आलो. तिनं ड्रोन उतरवला. तशातही उतरवला अगदी अलगद, सरीच्या मधोमध. असा हात हजारात एखाद्याचा असतो.

आम्ही बांधावर बसलो. तिनं पाण्याची बाटली पुढं केली. मग म्हणाली, "माझ्या माहेरच्या गल्लीतली बाळाबाई मावशी अशीच चालायची. भारा घेतला की मागं बघायची न्हाय. ती ज्या ड्रोननं गेली त्याचंच रडार हाय काय ह्ये?"

मी तिला सगळं सांगितलं. पिन, अंगठा, टक, सगळं. का सांगितलं कळत नाही. इंदूला आजवर सांगितलेलं नाही. सांगताना स्वतःचा इतका राग आला की बाटली फेकून द्यावीशी वाटली.

रचनानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"महादेवदादांनी मला शिकवलंय हे," ती म्हणाली. "पयला धडा हाळीचा. त्यांची चूक न्हवती म्हणजे."

"नव्हती."

"मावशी वाटंतच होती. तुम्ही न्हवती म्हणून लिवलासा."

"व्हय."

"मग आता तरी खरं लिवा, अण्णा. तिचं लिवा, महादेवदादांचं लिवा. माझं आपोआप सुटतंय."

"लिहितो."

"लिवतासा न्हवं?"

"लिहितो म्हटलं न्हवं का!" मी खेकसलो. ती खेकसण्याला भ्याली नाही. तिनं मान डोलावली आणि परवान्याची पिशवी उचलून शर्टाच्या खिशात ठेवली. तिला माझं खरं वाटलं होतं.

मी लिहायला बसलो, हेही खरं आहे. पहिलं पान लिहिलंही. 'यापूर्वीच्या माझ्या अहवालात' एवढं लिहून थांबलो. तेवढ्यात सौरव.

"सर, सदलगा अजून आला नाही?"

"रडारमध्ये दोष आहे," मी म्हणालो.

"काय दोष?"

"नाही ते दाखवतंय."

"हे कुठल्या रकान्यात भरू मी?" तो हसला. मग कागद चाळल्याचा आवाज आला आणि त्याचा आवाज बदलला. "सर, या रडारवर तुमचीच निर्दोष चिठ्ठी आहे. बाई मेलेली केस. रडार खराब म्हटलात तर ती फाईल उघडणार. मग पोलीस विचारणार, तेव्हा काय तपासलं होतं? मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. पायलटनं वेळेत ताबा घेतला नाही, एवढं एक वाक्य लिहा. कोण मेलंय का इथं? बाईचा कागद जाईल, दुसरं काय होणार?"

दुसरं काय होणार! मी त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं. आणि मग डोळ्यासमोर कोर्टाची पायरी आली, येळ्ळूरची भावकी आली, इंदूची शाळा आली. हवाई दलातला चौगुले, असं म्हणणारी माणसं आली. मी तोंड मिटलं.

पहिलं पान फाडलं. लिहिलं, 'रडार निर्दोष. उड्डाणाच्या मार्गात कोणीही नव्हते. पायलटने वेळेत ताबा घेतला नाही.' वाक्यं जुन्याच फायलीतून उचलली. सही केली.

तीन आठवड्यांनी रचनाचा परवाना गेला. ड्रोन गटाकडून काढून दुसऱ्या कुणाला द्यायचं ठरलं. तिनं मला फोन केला. मी उचलणार नव्हतो, पण उचलला. ती शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अण्णा, नव्या माणसाला एवढं सांगा," ती म्हणाली. "हाळी दिल्याबिगर उडवू नको म्हणावं. आणि ओ आली न्हाय तरी वाईच थांब म्हणावं." एवढं बोलून ठेवला. मागं बायकांचे आवाज येत होते. भांगलणीचं रान असावं.

मी कुणाला काही सांगितलं नाही.

रडार परत करायचं होतं. पाठवण्याआधी एकदा चालू करून बघितलं. सकाळी साडेनऊला. पडद्यावर तीन वीस आलं. भिंत. मी वाट बघितली. दोन मिनिटं, पाच मिनिटं. दोन चाळीस आलं नाही. पुंजका नव्हता.

गेली, असं मी मोठ्यानं म्हणालो. लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. हसूही आलं मला. उठून पेटीसमोरून दाराकडं गेलो, इंदूला चहा टाक म्हणून सांगायला, आणि जाताना सहज पडद्याकडं बघितलं.

तीन वीस.

मी थांबलो. पेटीच्या अगदी समोर होतो. हात पुढं केला, हलवला. तीन वीस. छाती पेटीला लावली.

तीन वीस.

इंदू आपणहूनच चहा घेऊन आली. तिला एक दहावर दाखवलं. कप ठेवून ती गेली. मग परत भिंत.

मी पेटी बंद केली, खोक्यात घातली, वर नवी चिठ्ठी लावली. निर्दोष. सही करताना अंगठा पेनवर नीट बसेना.

हे गुरुवारी झालं. शनिवारी सकाळी इंदूला शाळेत लवकर जायचं होतं. आमच्या बिल्डिंगचं पार्किंग अरुंद आहे, गाडी मागं घेताना मी कायम मागं उभा राहून तिला हात करतो. गाडीला मागं सेन्सर आहे. कुणी जवळ असलं की वाजतो. रोज मी उभा राहिलो की तो वाजायचा आणि इंदू वैतागायची.

त्या दिवशी मी उभा राहिलो. तिनं रिव्हर्स टाकला. गाडी हळूहळू मागं आली. मी हात करत होतो, ये, ये, बास. सेन्सर गप्प होता. गाडी येतच राहिली. बंपर माझ्या गुडघ्यांना लागला, मी मागं ढकलला गेलो, भिंत अजून लांब होती, तेव्हा मी दोन्ही हातांनी डिकी बडवली आणि ओरडलो, "हाय! हाय, मी हाय!"

इंदू खाली उतरली. चेहरा पांढराफटक.

"अहो, आरशात ऊन होतं, काही दिसेना. सेन्सर वाजला नाही, म्हणून मला वाटलं मागं कोणी नाही."

"बिघडला असेल," मी म्हणालो. गुडघा चोळत बाजूला झालो, लांब, पार गेटपाशी जाऊन उभा राहिलो. गाडीच्या मागं आता नुसती भिंत होती आणि मोकळी फरशी.

"जरा पुढं घे, आणि परत ये," मी गेटमधून म्हणालो.

इंदूनं गाडी चांगली दोन मीटर पुढं घेतली, भिंत सेन्सरच्या टप्प्यात येणार नाही एवढी. मग रिव्हर्स टाकला. कुठनं तरी वैरणीचा वास आला.

सेन्सर वाजायला लागला.